नजर डोंगराला

शारजात एका गृहस्थाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, त्याचा व्हिडिओ गेल्या महिन्यात मला चार-पाच जणांनी पाठवला. गृहस्थ गोरेगोमटे, पोट सुटलेले, गळ्यात हार. निवेदिका सांगत होती की आपल्या सगळ्यांच्या लाडक्या कवितेतला 'गडी' तो हाच. मग त्याने माइक हातात घेऊन लाजत लाजत कबूल केलं की हो, मीच तो, तेव्हा जरा घमेंड होती अंगात, वयच तसं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चहा पीत होतो, मला जोराचा ठसका लागला.

बायको म्हणाली, "घ्या! तुमची एक तरी वस्तू कुणाला हवीशी वाटली."

मी म्हटलं, "लखलाभ होवो त्याला. त्याच्याबरोबर जे येतं तेही घेऊन जा म्हणावं."

ही कविता गल्फमधल्या मराठी माणसाला सांगावी लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो. क्रिकेटची आहे, विनोदी आहे. एक गडी शुक्रवारच्या मॅचमध्ये बॅटिंगला येतो आणि एकाहून एक फटके मारत सुटतो. 'पहिला गेला टँकरपार, दुसरा गेला तारेपार' असं ते वर्णन चढत जातं. शेवटच्या ओव्हरमध्ये जिंकायला थोडेच रन हवे असतात. आणि तेव्हा हा शहाणा बॅट खांद्यावर टाकून डोंगराकडे बघत उभा राहतो. समोरून फुलटॉस येतो, शाळकरी पोरानेही मारला असता असा, आणि याचा मधला स्टंप घेऊन जातो. तिथे सगळा हॉल एका सुरात ओरडतो:

बॅट खांद्याला, नजर डोंगराला,
दांडी उडाली तरी पत्ता नाही गड्याला!

गणपतीत म्हणतात, हळदीकुंकवात म्हणतात, कुणी नोकरी संपवून गावी निघाला की त्याच्या पार्टीत म्हणतात. एका लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी म्हटलेली मी स्वतः ऐकली आहे, श्रीखंडपुरीचं ताट हातात धरून. छापतात तिथे खाली 'कवी : अज्ञात' लिहितात. त्यामुळे ती कुठली यावरून भांडणं. दुबईवाले म्हणतात आमची, दोहावाले म्हणतात आमची. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी यूट्यूबवर तासभर बोलून सिद्ध केलं की ती नाशिकच्या एका कारखान्यातल्या सामन्यावरची आहे आणि डोंगर म्हणजे तिथलाच. अहो कसलं नाशिक न् कसलं काय!

ती मस्कतजवळच्या बौशरची आहे. डोंगराच्या पायथ्याशी खडीचं मैदान होतं, मध्ये सिमेंटची पट्टी, तिच्यावर मॅटिंग. पाण्याचा टँकर तिथे खरंच उभा असायचा. आणि तो गडी मी.

तेव्हा मी रुसैलच्या एका फॅक्टरीत एसीचे पत्र्याचे डक्ट करायचो. राहायला कंपनीच्या खोल्या, एका खोलीत सहा जण, आणि आठवडाभर वाट बघायची ती एका शुक्रवारची. उजाडता उजाडता मैदानात, उन्हं डोक्यावर यायच्या आत खेळ खलास. आमचा कॅप्टन रत्नागिरीचा, मुसलमान, आमच्या खाडीपलीकडच्या गावचा. एका दुकानाच्या गोदामावर होता. त्याला जुम्म्याच्या नमाजाला जायचं असायचं, म्हणून तो सारखा घड्याळ दाखवून आमच्या मागे लागायचा, "उरका रे, उरका! कसोटी सामना नाय हा!"

मला खेळायला शिकवलं ते माझ्या थोरल्या भावाने. दादा माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा बापही तोच आणि मास्तरही तोच. माडाच्या झावळीचा देठ तासून त्याने मला बॅट करून दिली आणि घरापुढच्या खळ्यात रोज संध्याकाळी तो मला रबरी चेंडू टाकायचा. चेंडू चुकला तर ओरडायचा नाही, पण इकडेतिकडे बघितलं तर कान पिळायचा. "चेंडू हातातून सुटला की देव जरी समोर आला तरी नजर हलवायची नाय," असं म्हणायचा. मला मस्कतला पाठवायला कर्जाच्या कागदावर सही त्यानेच केली आणि एजंटच्या हापिसात तासन्तास तोच उभा राहिला. विमानतळावर मात्र आत येईना. म्हणाला, "मला तिथली काच आवडत नाय." रडायला येत होतं, दुसरं काय!

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गल्फमधल्या माणसाला गावाकडचा मृत्यू कधी सरळ कळवत नाहीत. गावातून फोन येतो तो त्याला नाही, त्याच्या जवळच्या गाववाल्याला. "त्याला सांगू नका, आधी पाठवायची सोय करा." मग चारचौघं कामाला लागतात. तेव्हा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचा. त्या कपाटाची चावी मंदूबकडे, म्हणजे कंपनीची व्हिसा-पासपोर्टची सरकारी कामं बघणाऱ्या ओमानी माणसाकडे. त्याला शोधायचं, तिकीट काढायचं, आणि तोवर ज्याच्यावर आभाळ कोसळलंय त्याला कशात तरी गुंतवून ठेवायचं. सगळ्यात आधी त्याचा मोबाइल काढून घ्यायचा. नाहीतर गावातला कुणीतरी अतिशहाणा 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून मोकळा होतो. पासपोर्ट हातात आला की मग त्याला सांगायचं, तेसुद्धा 'सिरियस आहे' एवढंच. सिरियस म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. तरी विमान उतरेपर्यंत माणूस त्या एका शब्दाला धरून बसतो.

मी स्वतः हे नाटक केलेलं. गुहागरकडचा माझा एक खोलीवाला होता. त्याची आई गेली तेव्हा मीच त्याला दिवसभर मत्र्याच्या बाजारात फिरवलं होतं, तुझ्या पोरीला बाहुली बघूया म्हणत. तो हसत घासाघीस करत होता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हतो. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. पण त्या दिवशी ज्याचं जळत होतं त्याला सोडून बाकी सगळ्यांना कळलेलं होतं.

एप्रिलचा शुक्रवार होता. आंब्याचे दिवस. मैदानावर पोचलो तर कॅप्टन म्हणाला, "मोबाइल दे, माझ्या किटमध्ये ठेवतो. खिशातून पडेल." मी दिला. मला काही वाटलं नाही, कारण मला लगेच बॅटिंगला जायचं होतं. मी कधी वन डाऊन जायचो नाही, पण त्या दिवशी कॅप्टनच म्हणाला, "आज तू लवकर जा. आणि सावकाश खेळ, घाई नाय."

समोर पंजाबी ट्रक-ड्रायव्हरांची टीम, पाकिस्तानची. त्यांचा एक बोलर होता, त्याचा यॉर्कर पायाच्या अंगठ्यावर पडला की पुढच्या शुक्रवारपर्यंत आठवण राहायची. आणि विकेटकीपर! त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला नाही असा एक शुक्रवार गेला नव्हता. पण त्या दिवशी यॉर्कर काही पडेना. चेंडू यायचे ते कसे छान, बॅटवर, जेवणाच्या ताटासारखे वाढलेले. मी एक मारला तो टँकरच्या वरून गेला. दुसरा तारेच्या कुंपणापलीकडे. मला वाटलं, आज आपल्या अंगात आलंय! कीपर मागून म्हणाला, "पानी पिओगे, भाईजान?" मी चक्रावलो. हा मला भाईजान म्हणतोय? मग म्हटलं, आता कसा ताळ्यावर आला! मी मारतोय म्हटल्यावर इज्जत वाढली.

आयुष्यात इतका कधी खेळलो नव्हतो. आनंदाने नुसता फुललो होतो मी. मधे एकदा कॅप्टन पलीकडच्या बाजूला अंपायर म्हणून आला, तेव्हा मी ओरडून म्हणालो, "शूटिंग काढ रे! दादाला पाठवूया!"

कॅप्टनने मान फिरवली. मग खिशातून फोन काढून डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाला, "काढतो. खेळ तू." त्याने काहीच शूट केलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

अशी मॅच शेवटच्या ओव्हरपर्यंत आली. जुम्म्याची वेळ होत आली होती आणि कॅप्टनने एकदाही घड्याळ दाखवलं नव्हतं. हे मला क्रीजवर उभा असताना जाणवलं. बोलर धावत निघाला होता. मी बॅट उचलून धरली आणि तेवढ्यात डोंगराखालच्या रस्त्यावर मला एक गाडी दिसली. पांढरी, उजवीकडचं दार पोचा आलेलं. मंदूबची गाडी.

शुक्रवारी मंदूब! त्याच्या सुट्टीच्या दिवशी, नमाजाच्या तोंडावर, हा म्हातारा रुसैलला जाऊन हापिस उघडून इकडे येतोय? तो पासपोर्ट घेऊन येतोय. कुणाचा पासपोर्ट? मोबाइल, भाईजान, पानी, वाढलेले चेंडू. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मी सगळ्यांची तोंडं बघितली. एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता, जसा मी मत्र्याच्या बाजारात बघत नव्हतो. मग परत गाडीकडे बघितलं. ती खड्ड्यांतून हळूहळू येत होती आणि माझ्या मनात एकच, की ही आली नाही पाहिजे, ही तिथेच थांबली पाहिजे.

चेंडू कधी सुटला मला कळलं नाही. मागे स्टंप पडल्याचा आवाज आला. दादाने आयुष्यात मला एकच नियम शिकवला होता, तो मी त्याच्यासाठीच मोडला.

बाजूला जाळीच्या सावलीत बसलेले बघे खो खो हसले. त्यांना काय ठाऊक! मैदानातला मात्र कुणी हसला नाही, कुणी 'आउट' म्हणून ओरडलंसुद्धा नाही. बोलर धावत माझ्याकडे आला, दोन्ही हात जोडून. "माफ करना भाईजान, मैंने तो मारने के लिए डाला था." सहा फुटी माणूस, डोळ्यांतून पाणी. मी त्याला म्हटलं, "कौन गया?" मंदूब गाडीतून उतरला, छातीवर हात ठेवून उभा राहिला आणि "अल्ला करीम" म्हणाला. तेव्हा कॅप्टन जवळ आला. "दादा सिरियस आहे," म्हणाला.

मी म्हटलं, "मला शिकवतोस?"

मग त्याने मला मिठी मारली आणि खरं सांगितलं. आदल्या संध्याकाळी दादा आंबे काढायला चढला होता. फांदी मोडली. पहाटे हॉस्पिटलात जीव गेला.

मी पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार झाली होती. गावात बर्फ मिळाला नाही आणि उन्हाळा असला. माझ्यासाठी थांबले जेवढं थांबता आलं तेवढं. मी गेलो तो थेट स्मशानात, राख गरम होती अजून. वहिनी म्हणाली, "भावोजी, तोंड तरी दिसायला हवं होतं तुम्हाला." तेवढं एकच म्हणाली. माझ्या डोक्यात काय, तर दादा पहाटे गेला आणि सकाळी मी टँकरवरून सिक्सर मारत होतो. तिकडे वहिनीच्या बांगड्या फोडत होते आणि इकडे मी फुललो होतो. आणि ती सगळी बॅटिंगसुद्धा खरी नव्हती हो! भीक होती ती. लोकांनी दया येऊन वाढलेली.

तेरावं करून मी परत आलो, तोवर इकडे कविता होऊन गाजली होती.

सावलीत बसलेल्या बघ्यांत एक नवा आलेला अकाउंटंट होता. कुणाला ओळखत नव्हता, वेळ जात नाही म्हणून मॅच बघायला आलेला. त्याला दिसलं ते त्याने लिहिलं: एक घमेंडखोर बॅट्समन, डोंगराकडे बघत पुढच्या सिक्सरची जागा हेरणारा. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात त्याने ती म्हटली, लोक हसून हसून लोळले म्हणे, आणि मग ती फोनाफोनांतून जी सुटली ती सुटलीच. पुढे कॅप्टनने त्याला खरा प्रकार सांगितला. एका संध्याकाळी तो आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "बसा, चहा घ्या. कविता चांगली आहे, तिसरं कडवं जरा लंगडतंय." तो रडला. मी नाही रडलो. त्यानंतर त्याने कवितेवरचं नाव काढून टाकलं आणि थोड्या वर्षांनी तो कॅनडाला गेला.

आता मी अझैब्याला फ्लॅट घेऊन राहतो, सुपरवायझर झालोय, बायको आली, मुलगी इथेच झाली. मुलगी दहा वर्षांची आहे. तिचं मराठी म्हणजे खडीच्या रस्त्यावरची सायकल, जाते पण दणके खात. गावाला गेली की चुलत भावंडं तिची नक्कल करतात. मागच्या सुट्टीत ती "मला भूक आहे खूप लागली" म्हणाली आणि सगळी पडवी हसली. त्यानंतर तिने तिथे तोंडच उघडलं नाही. विमानात मला म्हणाली, "बाबा, मी नेक्स्ट टाइम एकपण मिस्टेक नाही करणार." म्हणून या वर्षी मराठी दिनाच्या पाठांतर स्पर्धेत तिने स्वतःहून नाव दिलं. कप मिळवायचा आणि त्याचा फोटो चुलत भावंडांना पाठवायचा, असं ठरलेलं.

आणि कविता कुठली निवडली, तर ही!

बायकोने हातातलं पोळपाट-लाटणं खाली ठेवलं. तिला सगळं ठाऊक आहे. ती कविता कुठे सुरू झाली की बायको हॉलमधून उठून जाते, मी मात्र बसतो. "दुसरी घे गं," ती म्हणाली, "चांगली झाडाफुलांची घे." पोरगी म्हणाली, "नो, ही फनी आहे. सगळे लाफ करणार."

मी म्हटलं, "घेऊ दे."

रोज कामावरून आलो की मी तिची तयारी करून घ्यायला लागलो. 'ळ' म्हणता येईना, तो घासून घेतला. फटके कसे दाखवायचे ते मी शिकवले. कव्हर ड्राइव्हला पाऊल कुठे, सिक्सरला खांदा कसा. दहा-बारा वर्षांत बॅट धरली नव्हती, तर लाटणं हातात घेऊन मी हॉलमध्ये फटके मारून दाखवत होतो. पोरगी टाळ्या पिटत होती. बायको भाजी निवडत होती आणि वर बघत नव्हती.

मग त्या ओळीवर आलो, तर पोरगी थांबली. "बाबा, पण तो माउंटनकडे का बघतो? बॉल तर समोरून येतो ना?"

"पाठ कर गुमान."

"पण काय बघतो? टीचर म्हणाली, काय बघतो ते माहीत पाहिजे, तर अ‍ॅक्टिंग येते."

इतकी वर्षं शेकडो लोकांनी ही ओळ म्हटली, हजारो लोक हसले. तो शारजाचा शालवाला तर स्वतःच गडी झाला. पण त्या डोंगराकडे काय होतं, हे एका माईच्या लालाने विचारलं नव्हतं. विचारलं कुणी, तर जिला धड मराठी येत नाही तिने. मी तिच्यावर खेकसलो, "सगळ्यालाच प्रश्न विचारायचे असतात का?" आणि आत निघून गेलो.

बायको मागून आली. "सांगा तिला," म्हणाली. "तिचा काका होता तो. नाहीतर चारशे लोकांपुढे ती त्याच्या मरणावर हसवणार आणि मोठी झाल्यावर तिला कळलं की तोंड कुठे लपवील?"

स्पर्धेच्या आदल्या सकाळी मी पोरीला बौशरला घेऊन गेलो. मैदान आता राहिलेलं नाही. अर्ध्यावर इमारत उठते आहे, उरलेल्यात गाड्या लागतात. डोंगर तेवढा आहे आणि त्याच्या खालचा रस्ता, आता डांबरी झालेला. मी तिला अंदाजाने क्रीजच्या जागी उभं केलं आणि रस्ता दाखवला. म्हटलं, "इथे मी उभा होतो. तिथून एक गाडी आली."

सगळं सांगितलं. दादाने केलेली झावळीची बॅट, कान पिळणं, 'शूटिंग काढ' म्हटलेलं, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मी ही पोएम नाही म्हणणार. आय हेट इट."

तेव्हा मी जे बोललो ते त्याआधी मलाही नीट माहीत नव्हतं. मी म्हटलं, "म्हणायची. मी का बसतो गं दर वेळी ऐकायला? मला काय हौस आहे हसं करून घ्यायची? त्या ओळीपर्यंत मला ठाऊक नसतं म्हणून. तोपर्यंत मी नुसता मारत सुटलेला असतो आणि माझ्यापुरता तुझा काका जिवंत असतो. टँकरपार गेलेला मी त्याला दाखवणार असतो. कुणीतरी कविता सुरू करतं आणि तो परत येतो. मग ती ओळ येते आणि जातो. दर वेळी जातो, बाळा. पण त्याच्याआधी थोडा वेळ असतो."

ती रस्त्याकडे बघत होती. "काकाला मी आवडले असते?" तिने विचारलं.

"तुझा कान पिळला असता आधी," मी म्हटलं. "मग आवडली असतीस."

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. कॅप्टनही आला होता, आता दाढी पांढरी झाली आहे, गुडघे गेलेत. बायको मागे दाराजवळच्या खुर्चीवर बसली, उठून जाता यावं म्हणून. पोरगी टोपी घालून, बॅट घेऊन आली. आणि काय म्हटली तिने! 'ळ' कसा स्वच्छ, फटके कसे! पहिला टँकरपार गेला तेव्हाच लोक हसायला लागले, दुसऱ्याला टाळ्या. ती एकेक फटका सावकाश मारत होती, घाई नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अहो, कप तुमचाच!" मी मान डोलावली. मी मैदानात होतो, मला काही ठाऊक नव्हतं, दादा घरी होता.

मग शेवटची ओव्हर आली. तिने बॅट खांद्यावर ठेवली. "बॅट खांद्याला," म्हणाली.

आणि थांबली.

लोकांना वाटलं, मजा आणण्यासाठी थांबली. ते हसत वाट बघत राहिले. ती समोर बघत होती, सरळ, चेंडू येतो तिथे, आणि तिथेच मी बसलो होतो. तिची नजर हलली नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हळूच सुचवलं, "नजर डोंगराला." मग मागून दोघातिघांनी. मग सगळ्या हॉलने, हात वर करून, तिला मदत म्हणून: "नजर डोंगराला! नजर डोंगराला!" टोपीखाली तिचे डोळे भरले. पण ती माझ्याकडेच बघत राहिली. कॅप्टनने तोंडावर रुमाल धरला होता. मी मागे वळून बघितलं तर बायको उठलेली नव्हती, खुर्चीतच बसलेली होती.

घंटा वाजली. ती "थँक्यू" म्हणाली आणि खाली उतरली.

"विसरली हो बिचारी," शेजारचे गृहस्थ म्हणाले. "अगदी तोंडाशी येऊन!" निवेदिकेने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "इथल्या मुलांना कठीणच जातं मराठी. पुढच्या वर्षी नीट पाठ कर हं." माझं डोकं असं सणकलं, मी उठणारच होतो. पण पोरीने माझा हात घट्ट धरून ठेवला. कप दुसऱ्या कुणाला तरी मिळाला. कुणीतरी तिच्या थांबण्याचा व्हिडिओ काढला होता, तो आम्ही पार्किंगपर्यंत पोचायच्या आत ग्रुपवर आला, खाली हसणारी तोंडं. गावाच्या ग्रुपवर संध्याकाळच्या आत गेला असणार.

आम्ही घरी निघालो. मग मागच्या सीटवरून ती म्हणाली, "बाबा, मी विसरले नव्हते."

"ठाऊक आहे."

"मी गाडी येऊच नाही दिली."

अझैब्याचा सिग्नल लागायच्या आधीच मी गाडी कडेला घेतली. बायकोने पुढे वाकून हॅझर्डचं बटण दाबलं, आणि मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून दादासाठी रडलो.